रडणं सोडून सगळं

माझी ताई रडायला लागली की घरात हसू फुटायचं. हे अगदी लहानपणापासूनचं. बाकीच्या मुलांचं कसं असतं, ओठ थरथरतात, नाक वाहतं आणि बघणाऱ्याला दया येते. ताईचं तसं नव्हतं. तिची हनुवटी आधी आत जायची, मग डावी भुवई एकटीच कपाळावर चढायची, नाकपुड्या फुगायच्या आणि तोंडाचं चक्क चौकोनी खोकं व्हायचं. त्या खोक्यातून बराच वेळ आवाजच निघायचा नाही. बाबा समोर पट्टी घेऊन उभे असायचे, संतापून लाल झालेले, पण ते खोकं उघडलं की त्यांचा हात खाली. "अगं, ये लवकर, बघ ही कशी करतेय!" म्हणून ते आईला हाक मारायचे. आई हातातलं काम टाकून धावत यायची. मार वाचायचा, पण रडणंही तिथेच वाया जायचं.

एकदा तिचं बोट दारात चेमटलं. नख काळंनिळं झालं होतं, तरी सगळ्यांना आधी हसू आलं आणि बोटाकडे लक्ष गेलं ते नंतर. त्या दिवसापासून ताई कुणासमोर रडली नाही. आई गेली तेव्हा न्हाणीघराला आतून कडी लावून, नळ पूर्ण सोडून रडली. बाबा गेले तेव्हा तोंडाला रुमाल लावून कोपऱ्यात उभी राहिली आणि नातेवाइकांनी तिला दगडाच्या काळजाची ठरवून टाकलं. मी त्यांना काय सांगणार होते? की हिने रुमाल काढला तर तुम्हीच दात काढाल म्हणून?

अशी मुलगी पुढे विनोदी नटी झाली यात नवल काही नाही. सुरुवातीला ती नाटकात ट्रे घेऊन यायची. वाक्य एकच, "चहा आणलाय." पण ट्रे ठेवताना ती नायकाकडे अशी काही बघायची, की त्याच्या पुढच्या भाषणाची पार माती व्हायची. नायकाने तक्रार केली, ताईला नारळ मिळाला. पण त्या हसणाऱ्यांमध्ये टीव्हीवाला एक माणूस होता. त्याने तिला आधी खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीत खोकायला लावलं, आणि मग एका विनोदी मालिकेत घेतलं.

त्या मालिकेत ती झाली आत्या. चार दिवसांसाठी भावाकडे आलेली आणि कायमची मुक्काम ठोकून बसलेली. मुळात खरोखरच तिचं काम चार दिवसांचंच होतं, लेखकाने तिला परतही पाठवलं होतं, पण लोकांनी पत्रं लिहून तिला परत बोलावून घेतलं. मग ती वर्षानुवर्षं तिथेच राहिली. मोठमोठ्या फुलांचा झगा, पायात लोकरीचे मोजे आणि हातात कायम कुणाच्या तरी वाटणीचा चहा. रस्त्यात, दुकानात, बँकेत सगळे तिला आत्या म्हणायचे. तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा! मी दातांच्या दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. तिथले डॉक्टर मला माझ्या नावाने ओळखत नव्हते, पण आत्याची बहीण म्हणून सुट्टी मात्र लगेच द्यायचे.

तिचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. भावजी म्हणायचे, हिच्याशी धड भांडतासुद्धा येत नाही, मला हसू येतं. पुढे त्यांना एक बाई भेटली, तिच्याशी ते गंभीरपणे बोलू शकायचे म्हणे. मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही. तेव्हा आम्ही दोघी बहिणी एका घरात राहायला लागलो, एकमेकींच्या डोक्यावर मिरे वाटत आणि एकमेकींवाचून ज्यांचं पान हलत नाही अशा.

सुट्टीच्या दिवशी मी थर्मास घेऊन सेटवर जायचे. टीव्हीत ऐसपैस दिसणारी ती बैठकीची खोली म्हणजे तीन भिंती. जिना वर जातो तो एका फळकुटापाशी संपतो. खिडकीबाहेरचं आभाळ म्हणजे ताणून लावलेलं कापड, आणि टेबलावरची सफरचंदं प्लास्टिकची, त्यातल्या एकावर कुणाच्या तरी दातांची खूण. पण मला सगळ्यात विचित्र वाटायची ती शांतता. आपल्याला वाटतं, विनोदी मालिका म्हणजे तिथे सगळे हसत-खिदळत असतील. छे! तिथे हसायला बंदी. शॉट चालू असताना कुणी फिस्कन हसलं तर आवाज खराब होतो, पुन्हा सगळं पहिल्यापासून. टेप केलेला हशा नंतर डब्यातून काढून लावतात. ताईने आयुष्यभर लोकांना हसवलं ते असं, ओठ घट्ट मिटून उभ्या असलेल्या माणसांच्या घोळक्यासमोर. ती म्हणायची, "मी लाइटवाल्याच्या पोटाकडे बघते. ते हललं की समजायचं, जमलं."

मग तिचे गुडघे कुरकुरायला लागले. तिनेच दिग्दर्शकाला सुचवलं, की आत्याला एक खुर्ची द्या. दिव्याशेजारी, कोपऱ्यात. ती तिथे बसेल आणि बाकीचे जे काय गोंधळ घालतील त्याच्याकडे नुसती बघेल. दिग्दर्शकाला ते पसंत पडलं. हे गृहस्थ ताईपेक्षा बरेच लहान, बोलायला मध, आणि सगळ्या गोष्टींना "बघू" म्हणणारे. खुर्ची आली. तेव्हापासून गोंधळ एकीकडे आणि ताईचा चेहरा दुसरीकडे, वेगळा, एकटा. तेवढा चेहरा मध्येमध्ये जोडला की लोक गडबडा लोळायचे.

जोडायचं काम संकलकाचं. त्याला सगळे कात्री म्हणायचे. किडकिडीत, अबोल, डोळ्यांखाली काळं. ताईवर त्याचा खरा जीव होता. एका आठवड्यात मालिकेतल्या नायकाचा घसा बसला. सेट उभा, दिवे लागलेले, माणसं हजर आणि करायला काही काम नाही. तेव्हा कात्री ताईकडे आला आणि म्हणाला, "आत्या, तुमच्या थोड्या रिअ‍ॅक्शन घेऊन त्यांची एक बँक करून ठेवू या का? अडीअडचणीला उपयोगी पडतात. झगा तोच, खुर्ची तीच, दिवा तोच. कुठेही बसतील."

झालं! ताईला तेवढंच निमित्त पुरे. ती खुर्चीत बसली आणि सुटलीच. आश्चर्य. संशय. दूध उतू गेल्याचा वास. दुसऱ्याचं गुपित कळलंय पण कळलं नाही असं दाखवणं. बिस्कीट घशात अडकणं. डुलकी, डुलकीतून दचकून जागं होणं आणि मी झोपलेच नव्हते असं भासवणं. मग तेच सगळं डावीकडे बघून, तेच उजवीकडे, तेच जिन्याकडे मान वर करून. कप हातात घेऊन एकदा, कप नसताना एकदा. मग आवाजाची पाळी. "अगं बाई!" हे रागाने, कौतुकाने, झोपेत. "मी बोलले होते ना?" हे किती तऱ्हांनी, कोण जाणे. दमली की थर्मासमधला घोटभर चहा घ्यायची आणि म्हणायची, "अजून काय पाहिजे? मागा, मागा, लाजू नका." दुसरी कुणी असती तर तासाभरात हात टेकले असते. ताईने अख्खा दिवस दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. शेवटी लाइटवाल्याने टाळ्या वाजवल्या.

जाता जाता कात्री म्हणाला, "एक रडण्याची राहिली आत्या."

"ती नाही," ताई म्हणाली. "रडणं सोडून सगळं देते."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. मला माहीत होतं, ती थट्टा नव्हती.

पुढे एका सकाळी आम्ही चहा पीत बसलो होतो आणि ताईच्या तोंडातून चहा बाहेर ओघळला. मी म्हटलं, "लक्ष कुठाय तुझं?" तिने वर बघितलं आणि मी माझा कप खाली ठेवला. आमच्या दवाखान्यात दात काढायच्या आधी सुई टोचतात, तेव्हा माणसांचं तोंड असंच एका बाजूला लोंबतं. पण त्यांचं घटकाभराने जागेवर येतं. ताईचा डावा गाल, डावा डोळा, डावी भुवई, सगळं गळून खाली आलं होतं. डोळा मिटेना. ओठ हलेना.

डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस आहे. काहींचं पूर्ण बरं होतं, काहींचं थोडं राहतं, वाट बघायची. गोळ्या दिल्या, रात्री डोळ्यावर पट्टी चिकटवायला सांगितली आणि व्यायाम शिकवले. आरशासमोर बसायचं. भुवया उचलायच्या. गाल फुगवायचे. नाक फेंदारायचं. आश्चर्य वाटल्यासारखं करायचं. ताई ते ऐकून अर्ध्या तोंडाने हसली. "डॉक्टरसाहेब, जन्मभर याच्यावरच भाकरी खाल्ली हो मी." मग रोज आरशासमोर बसायची. उजवी भुवई आज्ञाधारक मुलीसारखी वर-खाली व्हायची आणि डावी ढिम्म.

सेटवरून फुलं आली, फळांची टोपली आली. दिग्दर्शकांचा फोन आला. "आत्या, बिनघोर आराम करा. आम्ही सांभाळून घेतो." आम्हाला वाटलं, आत्याला कुठेतरी गावाला पाठवतील. आठवड्याने आम्ही टीव्ही लावला, तर आत्या आपली खुर्चीत! फुलाफुलांचा झगा, हातात कप, डावी भुवई टोकावर. सुनेने काहीतरी सांडलं, आत्याने बघितलं, "अगं बाई!" आणि हशा.

सुरुवातीला ताई खूशच झाली. उशीला टेकून, एका डोळ्याने बघत म्हणाली, "बघितलंस? काय चपखल बसवलंय पोराने. सांधासुद्धा दिसत नाही." तिला वाटत होतं, तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवलीय. मलाही तसंच वाटलं. पण आठवडे गेले, ऋतू बदलला, आणि आत्या खुर्चीतच. दूध उतू जात होतं, बिस्कीट अडकत होतं, डुलकी लागत होती. भाग संपताना नावांमध्ये तिचं नाव पहिल्यासारखंच दुसरं यायचं.

जिन्यात शेजारीण भेटली. ताईने गळपट्टा नाकापर्यंत ओढला. शेजारीण म्हणाली, "काय हो आत्या, सर्दी? काल काय हसवलंत! खरं सांगू, आजकाल तुम्ही पूर्वीपेक्षा जास्त रंगताय."

त्या दिवशी ताई घरात आली ती चपला न काढता पलंगावर बसली. "ऐकलंस? पूर्वीपेक्षा जास्त." मी तिला समजवायला गेले, की लोकांना काय कळतंय. ती म्हणाली, "त्यांनाच कळतंय. मी तिथे होते तेव्हा एखादी रिअ‍ॅक्शन फसायची. आता कात्री निवडून घेतो. माझ्यात वाईट काय होतं ते सगळं गळून गेलंय. फक्त मी गळून गेलेय गं, बाकी सगळं आहे." त्या रिअ‍ॅक्शनच्या बँकेतलं काहीही तिच्याकडून कुणी ओरबाडून घेतलं नव्हतं. मागा, मागा म्हणत तिनेच दिलं होतं, आणि हेच तिला खात होतं.

तिने दिग्दर्शकांना फोन केला. म्हणाली, उजवीकडून कॅमेरा लावा, मी येते. ते म्हणाले, "घाई कशाला आत्या, बघू." परत केला. बघू. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला नाही. ताई पैशांसाठी जीव टाकत नव्हती, घर आमचं होतं आणि माझा पगार होता. तिला ती खुर्ची पाहिजे होती. लाइटवाल्याचं पोट पाहिजे होतं. घरात बसून तिला कुणी नव्हतं, एक मी सोडून, आणि मी काही तिचा प्रेक्षक नाही.

आणि मग एके दुपारी कात्रीचाच फोन आला. मालिकेत घरातला पुतण्या दूरदेशी निघाला होता. निरोपाचा प्रसंग. आत्याचा सगळ्यात लाडका, तेव्हा आत्या रडायलाच हवी. आणि सगळी बँक चाळून झाली, रडणं कुठेच नाही.

"एकच शॉट आत्या," तो म्हणाला. "प्रसंग गंभीर आहे. मी त्यावर हशा टाकणार नाही, शब्द देतो."

मागून दिग्दर्शकांचा आवाज आला. "हे जमलं की पुढचं बघू या, आत्या. नवीन काहीतरी. एक वेगळीच आत्या."

मला वाटलं ती नाही म्हणेल. ती हो म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यात जी चमक होती, ती मी कित्येक महिने पाहिली नव्हती. "तुझ्या लक्षात येतंय का?" ती म्हणाली. "माझं रडणं बघून लोक कशाला हसायचे? त्या भुवईमुळे. ती एकटी वर चढायची म्हणून. आणि ती आता मेली. गाल मेला, खोकं आता होणारच नाही. या दुखण्याने माझं वाटोळं केलं खरं, पण तेवढं एक बरं केलं. आता मी माणसासारखी रडेन."

"आधी आरशात बघून घे," मी म्हटलं.

"आरशासमोर रडता येत नाही. तुझ्यासमोर रडू?" मग स्वतःच मान हलवली. "नको. तुझ्यावरून काही कळणार नाही. तू दिवसभर लोकांची सुजलेली तोंडं बघून न हसण्याचाच पगार घेतेस."

सेटवर पोहोचलो तेव्हा खुर्चीवर कुणाची तरी पर्स आणि एक जाकीट पडलेलं होतं. कुणीतरी घाईघाईने ते उचललं. झगा तिला सैल व्हायला लागला होता, मागून चिमटे लावले. सगळे भेटायला आले, तिच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि बघायचं नाही अशी त्यांची तारांबळ उडाली. ताईने मोठ्या मनाने सगळ्यांची सुटका केली. म्हणाली, "घाबरू नका, अर्धीच बिघडलेय." कुणी हसलं नाही. तिला ते आवडलं असावं.

पुतण्याचं काम करणारा नट तिथे नव्हताच. त्याचे शॉट आदल्या दिवशी होऊन गेले होते. ताईने एका स्टँडकडे बघून रडायचं होतं, त्याला चिकटपट्टीचा तुकडा लावलेला. ताई म्हणाली, "निरोप कुणाला देऊ, पट्टीला?" तेव्हा दिग्दर्शक माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्ही जरा तिथे उभ्या राहता का?"

मी स्टँडच्या जागी उभी राहिले. दिवे लागले. शांतता झाली, ती ओठ मिटलेली, जुनी शांतता. ताईने माझ्याकडे पाहिलं. तिला रडायला काही आठवावं लागलं नाही. आई, बाबा, भावजी, ती खुर्ची, जिन्यातली शेजारीण, न्हाणीघरात नळाखाली बुडवलेलं सगळं तिथे जमा होतंच. तिची हनुवटी आत गेली.

भुवई चढली नाही. पण उजवी बाजू सगळी कामाला लागली. उजवी नाकपुडी फुगली, उजवा गाल गोळा झाला, खोक्याचा अर्धा भाग उघडला. आणि डावी बाजू जशीच्या तशी. तिकडचा डोळा सताड उघडा. एखाद्या बाकावर एक बाई ढसाढसा रडतेय आणि शेजारची बाई, माझा हिच्याशी काही संबंध नाही बरं का, असं तोंड करून बसलीय, तसं ते दिसत होतं. खोक्यातून आवाज अजून निघाला नव्हता. ताई माझ्याकडे बघत होती. ती निरोप देत नव्हती, विचारत होती, दिसतंय का मी रडतेय ते?

मी मान हलवली. हो गं, दिसतंय.

माझ्यामागे कुणाच्या तरी नाकातून आवाज आला. मग दुसऱ्याच्या. इतक्या वर्षांत त्या सेटवर शॉट चालू असताना कुणी हसलं नव्हतं, आणि आता धरणच फुटलं. मी वळून पाहिलं. कानाला हेडफोन लावलेला आवाजवाला भिंतीकडे तोंड करून गदगदत होता. मेकअपवालीने पदर नाही, अख्खा टॉवेलच तोंडात कोंबला होता. लाइटवाल्याचं पोट नुसतं हलत नव्हतं, तो खालीच बसला होता. त्यांना वाईट वाटत होतं, ते एकमेकांना गप्प करत होते आणि त्याने अजूनच हसत होते. दिग्दर्शक वाकून गुडघे धरून हसत होते, त्यामुळे "कट" म्हणायला कुणी नव्हतं. आणि कुणी कट म्हणेपर्यंत ताई थांबणाऱ्यातली नव्हती. ती रडत राहिली. मी तिच्याकडे चालत गेले आणि झग्याच्या बाहीने तिचं तोंड पुसलं, तेव्हा कुठे कॅमेरा बंद झाला.

"आत्या," दिग्दर्शक डोळे पुसत आले, "सोनं आहे हे, सोनं! तुम्ही म्हणजे ना, कहर आहात."

"मी रडत होते," ताई म्हणाली.

"तेच तर!"

कात्री एकटा हसला नव्हता. तो जमिनीकडे बघत वायर गुंडाळत होता, जे त्याचं काम नव्हतं.

घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "भुवई चढली नाही ना गं?"

"नाही चढली."

"मग?"

मी तिचा गळपट्टा नाकापर्यंत ओढून दिला.

प्रसंग लागला तो हशासकट. कात्रीने फोन केला, म्हणाला, वरून आलं, माझं चाललं नाही. ताईने त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. "हशा थोडा लवकर पडलाय," एवढंच म्हणाली. "हनुवटी आत जाऊ द्यायला हवी होती." मग टीव्ही बंद करून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडे तेच चालू होतं. त्यांना हसू आवरत नव्हतं.

पुढचं बघू या म्हणालेल्यांनी पुढचं काही बघितलं नाही. गरजच उरली नव्हती. बँक पूर्ण झाली होती. पुतण्या गेला, आत्या रडली. सून रुसली, आत्या रडली. मांजर हरवलं, आत्या रडली. लोकांनी तो शॉट कापून फोनवर एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. कुणाचा क्रिकेटचा संघ हरला, कुणाची सुट्टी रद्द झाली, की पाठव रडकी आत्या. आमच्या दवाखान्याच्या ग्रुपवर एकीने सोमवार सकाळसाठी पाठवली, आणि मग तिला आठवलं मी कोण ते, तेव्हा पुसून टाकली. शाळेतली पोरं तोंडाचा एक भाग बोटाने खाली ओढून तसं रडून दाखवायची.

ताईने आरशासमोर बसणं सोडलं. मी ओरडायचे, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय ना! ती म्हणायची, "कशासाठी? बरा झालेला चेहरा त्यांच्याकडे आहे. बिघडलेलाही आहे." असं बोलली की मला तिचा राग यायचा, आणि मग रागावल्याचं वाईट वाटायचं. एवढं मात्र होतं, की घरात ती रडत नव्हती. न्हाणीघरातसुद्धा नाही. मी दाराशी उभी राहून ऐकायचे. नळच चालू नसायचा.

शेवटच्या तपासणीला मी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी गालाला टोचून पाहिलं, भुवई उचलायला सांगितलं, बराच वेळ कागद चाळले. मग म्हणाले, "जेवढं यायचं होतं तेवढं आलं. आता हे असंच राहील." माणूस वाईट नव्हता. त्याने ताईच्या हातावर हात ठेवला. म्हणाला, "पण तुमचं काम तर छान चाललंय, आम्ही घरी सगळे बघतो."

बाहेर प्रतीक्षागृहात बाकं भरलेली होती. ताई म्हणाली, "बसू जरा." कोपऱ्यात जागा होती, खिडकीशी. तिने पिशवी मांडीवर ठेवली, तिचे बंद नीट सरळ केले आणि हनुवटी आत गेली. मला कळलं, आता ती थांबणार नाही. चारचौघांत, उजेडात, नळाच्या आवाजाशिवाय. माझी बहीण लहानपणानंतर पहिल्यांदाच कुणासाठीही नाही, स्वतःसाठी रडायला लागली होती.

समोरच्या बाकावर एक आजीबाई होत्या, पाय प्लास्टरमध्ये. त्यांनी पाहिलं, निरखून पाहिलं, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"अगंबाई, आत्या!" त्या शेजारणीला कोपर मारून म्हणाल्या. "अहो, बघा तरी, आत्या करून दाखवतायत!"

माना वळल्या. कुणीतरी उठून उभं राहिलं, मागच्यांना दिसेना म्हणून ते पुढे आले. औषधांच्या खिडकीतली बाई बाहेर आली. दुखणी घेऊन आलेली माणसं सगळी, सकाळपासून ताटकळलेली, त्यांना कितीतरी वेळाने काहीतरी चांगलं मिळालं होतं. माणसं प्रेमाने हसत होती. एकाने फोन उंच धरला. मी ओरडले, "अहो, ती खरंच रडतेय! बाजूला व्हा!" तर आजीबाई टाळ्या पिटत म्हणाल्या, "या त्यांच्या भगिनी असणार. यासुद्धा काय छान करतात!"

ताईला थांबता येईना. ती माझ्याकडे बघत होती, एक डोळा मिटलेला, एक सताड उघडा.

मी माझा कोट काढला आणि तिच्या डोक्यावरून टाकला, पार खांद्यांपर्यंत. कोटाच्या आत ती हलत होती. ते बघून लोक आधीपेक्षाही जोरात हसले.